फुगे खालून पाहावेत

न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्की शहरात ऑक्टोबर लागला की आमच्या गल्लीत कुणाला गजर लावावा लागत नाही. उजाडता उजाडता सगळी कुत्री एकदम भुंकायला लागतात, मागोमाग डोक्यावरून बर्नरचा भसभस आवाज येतो. अंगणात येऊन पाहावं तर शेजारच्या छपरावरून सहा-सात मजली उंचीचा पट्ट्यापट्ट्यांचा फुगा सावकाश सरकत असतो.

नोकरीच्या निमित्तानं मी या गावात आलो आणि इथलाच झालो. दर ऑक्टोबरात नऊ दिवस इथे गरम हवेच्या फुग्यांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव भरतो. ८ एप्रिल १९७२ रोजी एका रेडिओ केंद्राच्या पन्नासाव्या वाढदिवसासाठी सिड कटर या इथल्या वैमानिकानं एका मॉलच्या पार्किंगमध्ये १३ फुगे जमवले, ती याची सुरुवात. २००० साली आकडा हजारावर गेला होता. आता मैदानाला झेपतील तेवढेच, पाचशे-साडेपाचशे फुगे घेतात.

भारतातून येणाऱ्या पाहुण्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : बसायला मिळतं का? पैसे मोजले की मिळतं, आणि मीही बसलो आहे. तरी इतकी वर्षं पाहिल्यावर माझं मत पक्कं झालं आहे, की फुगा समजून घ्यायचा असेल तर खालूनच पाहावा. का, ते सुचेल तसं लिहितो.

१. सूर्य वर यायच्या आत सगळं उरकतं

पहाटे उठायचं ते निव्वळ शोभेच्या सूर्योदयासाठी, असा पुष्कळांचा समज असतो. खरं कारण हवेत आहे. रात्रभर जमीन आपली उष्णता आकाशात सोडून थंड होते, तिला लागून असलेली हवाही थंड आणि जड होते, आणि जड हवा खाली, हलकी वर अशी शांत थर लावून बसते. फुग्याला हवी असते ती हीच बसलेली हवा. सूर्य चढला की जमीन तापते, पण सगळीकडे सारखी नाही. डांबर लवकर तापतं, गवत उशिरा. मग ठिकठिकाणी गरम हवेचे झोत वर उठू लागतात. आमच्या साताऱ्याकडे पठारावर दुपारी घारी पंख न हलवता गोल गोल वर चढतात त्या याच झोतांवर. घारीला जे वरदान, ते फुग्याला संकट. म्हणून नऊ-साडेनऊच्या सुमाराला बहुतेक फुगे जमिनीवर परतलेले असतात. आठला आरामात पोचू म्हणणाऱ्यानं निम्मं गमावलं असं समजावं.

२. अंधारात उडणाऱ्यांकडे नीट लक्ष द्या

मुख्य उड्डाण सातला. त्याच्या तासभर आधी, गडद अंधारात, मोजके फुगे वर जातात. त्या तुकडीला डॉन पेट्रोल म्हणतात. १९७८ साली कॅलिफोर्नियाच्या दोन पायलटांनी फुग्याला लावायचे दिवे तयार केले आणि अंधारातलं उड्डाण शक्य झालं. बर्नर पेटला की काळ्या आकाशात एकदम लाल-केशरी फुगा उमटतो, बंद केला की पुसला जातो. पाहणारे टाळ्या वाजवतात, आणि वाजवाव्यातच.

पण मैदानावरचे बाकीचे पायलट त्या वेळी टाळ्या वाजवत नाहीत. कॉफीचा पेला हातात धरून ते मान वर करून उभे असतात. कोणत्या उंचीवर कोणता फुगा कुठल्या दिशेला चालला आहे, किती वेगानं, हे ते पाहत असतात. काही जण दिवा लावलेला लहानसा हेलियमचा फुगा सोडतात आणि तो दिसेनासा होईपर्यंत नजर हलवत नाहीत. माझी आई सांगलीहून आली होती तेव्हा ते पाहून म्हणाली, ‘‘अरे, हे तर खळ्यावरचंच की. उफणायच्या आधी आम्ही नाही का मूठभर भुसा सोडून बघायचो, वारं कुठनं सुटलंय ते!’’ कुणी समजावून सांगायच्या आत तिला ते कळलं होतं.

३. एक फुगा निवडा आणि तो सोडू नका

पाचशे फुगे एकदम पाहू गेलं तर काहीच दिसत नाही. नुसते रंग दिसतात. मी प्रत्येक नव्या पाहुण्याला सांगतो, एक फुगा निवडा. शक्यतो सहज ओळखू येईल असा. आणि तो उतरेपर्यंत त्याच्यावरची नजर काढू नका.

फुग्याला सुकाणू नसतं. पायलटच्या हातात दोनच गोष्टी : हवा तापवून वर जाणं, आणि थंड होऊ देऊन किंवा माथ्यावरची झडप उघडून खाली येणं. आडवं कुठे जायचं ते वारा ठरवतो. पण वारा एकच नसतो. अल्बुकर्की रिओ ग्रांदे नदीच्या खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटरवर वसलेलं आहे आणि पूर्वेला सांदिया डोंगराची भिंत उभी आहे. रात्री थंड झालेली हवा उतारावरून खोऱ्यात उतरते आणि नदीसारखीच उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते. तिच्यावर, काहीशे फुटांच्या पलीकडे, पुष्कळदा उलटा वारा असतो, दक्षिणेकडून उत्तरेकडे. खालच्या वाऱ्यावर बसून दक्षिणेला जायचं, वर चढायचं, वरच्या वाऱ्यावर बसून परत उत्तरेला यायचं, आणि खाली उतरायचं. इथले लोक याला बॉक्स म्हणतात. जुळून आलं तर फुगा निघाल्या जागेच्या जवळपास परत येतो. रोज जमत नाही. ऑक्टोबरात मात्र पुष्कळदा जमतं, आणि या गावाची कीर्ती फुग्यांच्या जगात त्यामुळेच आहे.

आता हे टोपलीत बसून दिसत नाही. टोपलीतल्या माणसाला वारा लागतच नाही, कारण तो वाऱ्याबरोबरच चाललेला असतो. त्याच्या केसाची बटही हलत नाही. जमीन खालून सरकताना दिसते एवढंच. खाली उभ्या असलेल्या माणसाला मात्र एकाच वेळी शंभर फुटांवरचे फुगे डावीकडे आणि हजार फुटांवरचे उजवीकडे जाताना दिसतात. मधे एक पट्टा असा असतो, की तिथे आलेले फुगे घुटमळतात, जागच्या जागी उभे राहिल्यासारखे वाटतात. दोन वाऱ्यांची शिवण तिथे असते. एरवी डोळ्यांना कधीच न दिसणारी हवा, तिचे थर, तिचे वेग, सगळं आकाशात रंगांनी मांडून ठेवलेलं असतं. शाळेत भूगोलाच्या पुस्तकात दरी-वारे आणि पर्वत-वारे पाठ केले होते; ते खरे असतात हे मला इथे मैदानावर मान वर करून उभं राहिल्यावर पटलं.

पायलटचं कौशल्यही खालूनच कळतं. मैदानात उंच खांब रोवून त्यांच्या टोकाला बक्षिसं लावतात. स्पर्धक किमान एक मैल लांबून उडतात आणि वाऱ्यावर येत येत हातानं ते बक्षीस काढायचा प्रयत्न करतात. सुकाणू नसलेलं वाहन, मैलभर अंतर, आणि खांबाच्या टोकाशी हात पोचवायचा! कुणी पाच-दहा फुटांवरून हुकतं, तेव्हा सगळ्या मैदानाचा जीव हळहळतो.

४. फुगा हलका नसतो

लहान मुलांना वाटतं तसं मोठ्यांनाही वाटतं, की एवढं मऊ, तरंगणारं, त्याला वजन कसलं? साधारण आकाराच्या फुग्यात बावीसशे घनमीटरच्या आसपास हवा मावते. इथल्या उंचीवर, पहाटेच्या गारठ्यात, तेवढ्या बाहेरच्या हवेचं वजन भरतं सुमारे २,३०० किलो. आतली हवा शंभर अंश सेल्सियसच्या जवळपास तापवली की तिचं वजन उरतं १,७५० किलोच्या आसपास. मधल्या साडेपाचशे किलोंच्या फरकावर कापड, टोपली, प्रोपेनच्या टाक्या आणि माणसं एवढं सगळं उचललं जातं. म्हणजे डोक्यावरून तरंगत जातं ते पावणेदोन टन हवेचं धूड आहे, आणि माणसं-सामान वेगळंच.

हे लक्षात आलं की पायलटची घाई आणि धीर दोन्ही समजतात. बर्नर आता ओढला तर फुगा आता वर जात नाही. काही सेकंद जातात. थांबवायचाही तसाच, आधी विचार करून. समोर झाड दिसल्यावर बर्नर ओढणारा पायलट उशीर करून बसलेला असतो. मैदानात काळे-पांढरे पट्टे घालून शिट्ट्या वाजवत फिरणारे जे अधिकारी दिसतात, ज्यांना सगळे झेब्रा म्हणतात, ते गर्दीला मागे सारतात तेव्हा नाराज होऊ नये. वर आकाश मोकळं आहे की नाही हे पायलटला दिसत नाही, कारण डोक्यावर त्याचाच फुगा असतो. झेब्रा पाहतात आणि अंगठा वर करतात, तेव्हाच फुगा सुटतो. म्हणजे उड्डाणाचा पहिला क्षणही जमिनीवरच्या डोळ्यांवर अवलंबून असतो.

५. गारठ्याबद्दल कुरकुर नको

पहाटे पारा पाच-सात अंशांवर असतो. स्वेटर, कानटोपी, जाड मोजे. याच गारठ्यामुळे फुग्याला जोर मिळतो. बाहेर पंधरा अंश अधिक असते तर वरच्या हिशेबातली शंभरावर किलो उचल गेली असती, म्हणजे एक धडधाकट माणूस कमी. अंडं, बटाटा आणि इथली भाजलेली हिरवी मिरची घातलेला गरम बरिटो मैदानावर मिळतो. तो घ्यावा. ठेच्यावर वाढलेल्या जिभेला ही मिरची सौम्य वाटते, पण तिचा भाजल्याचा वास विसरता येत नाही.

६. दोर धरणाऱ्यांना पाहा

मला या सगळ्यात सर्वांत प्रिय काय असेल तर ते फुगा उभा करणारी माणसं. या महोत्सवाची मोठी गोष्ट ही, की प्रेक्षकांना दोरीपलीकडे उभं करत नाहीत. तुम्ही मैदानात, फुग्यांच्या मधून, हिंडू शकता. म्हणून हे काम हाताच्या अंतरावरून दिसतं.

ट्रेलरमधून आधी टोपली उतरते, मग बर्नरची चौकट, मग पोत्यातून कापड. नायलॉनचं लांबच लांब कापड गवतावर पसरलं जातं. पेट्रोलवर चालणारा पंखा तोंडाशी लावतात आणि दोघं जण तोंड ताणून धरतात. थंड हवेनं फुगा आडवाच फुगू लागतो. आत शिरून पायलट झडप, शिवणी, दोर तपासतो. कापडातून येणाऱ्या रंगीत उजेडात ती आत चालणारी सावली बाहेरून दिसते. मग बर्नरची ज्वाळा आत. काही मिनिटांत ते धूड डुलत उभं राहतं.

या सगळ्या वेळात फुग्याच्या माथ्याला बांधलेला एक लांब दोर धरून एक माणूस पार टोकाला, एकटा, अंग मागे टाकून उभा असतो. फुगा झोक्यानं उभा राहून पलीकडे कलंडू नये म्हणून त्याला सावकाश वर येऊ देणं हे त्याचं काम. त्याचा फोटो कुणी काढत नाही. एका वर्षी एका तुकडीत माणूस कमी होता, त्यांनी मला हातमोजे दिले आणि तो दोर हातात दिला. देताना दोन नियम सांगितले : दोर हाताला कधीही गुंडाळायचा नाही, आणि पाय जमिनीवरून सुटले तर त्याच क्षणी दोर सोडायचा. त्या वेळी अंगात जी ओढ जाणवली, ती अजून हातात आहे. त्यानंतर मी दर वर्षी कुठल्या ना कुठल्या तुकडीत असतो.

आणि फुगा सुटल्यावर या माणसांचं काम संपत नाही, सुरू होतं. गाडीत बसून त्याच्या मागे जायचं. एकानं गाडी चालवायची, एकानं वर बघत राहायचं, एकानं नकाशा. नदीवर पूल मोजकेच आहेत. फुगा दोन मिनिटांत पाणी ओलांडतो आणि गाडीला तीन मैलांचा वळसा पडतो. काही पायलट तर मुद्दाम खाली येऊन टोपली नदीच्या पाण्याला लावतात आणि पुन्हा वर जातात. काठावरची कॉटनवुडची झाडं त्या दिवसांत पिवळी व्हायला लागलेली असतात. उतरल्यावर परत कापडातली हवा काढायची, वर बसून, लोळून, दाबून, आणि सगळं पोत्यात कोंबायचं. निवृत्त शिक्षिका, नर्स, विद्यार्थी, सुतार, कुणीही असतं यात. एका पैशाची अपेक्षा न ठेवता नऊ दिवस पहाटे तीनला उठतात. फुग्याच्या टोपलीत या माणसांना क्वचितच जागा मिळते, आणि ती मिळाली नाही म्हणून त्यातल्या कुणी तक्रार केलेली मी ऐकलेली नाही.

७. उजेड आधी त्यांच्यावर पडतो

सांदियाचा माथा ३,२५५ मीटर उंच. मैदान त्याच्या सावलीत असतं, म्हणून पंचांगातला सूर्योदय झाला तरी खाली काही वेळ निळसर सावलीच असते. वर गेलेले फुगे मात्र त्या सावलीतून बाहेर निघतात. आधी माथा उजळतो, मग उजेडाची रेघ हळूहळू कापडावरून खाली सरकते, शेवटी टोपलीतली माणसं उजळतात. तिथे सकाळ झालेली असते, आपल्याकडे व्हायची असते. हा देखावा फक्त खालच्या माणसाच्या वाट्याला येतो.

उभं कुठे राहायचं? पहिल्या दिवशी मैदानातच. नंतर एकदा तरी सांदियाच्या पायथ्याच्या वस्त्यांमध्ये जावं. सूर्य पाठीशी, फुगे समोर पूर्ण उजेडात, खाली सगळं खोरं पसरलेलं. नदीपलीकडच्या पश्चिमेच्या पठारावरूनही पुष्कळ जण पाहतात. तिथून फुगे सूर्याच्या आड येतात आणि कापड आतून पेटल्यासारखं दिसतं. मला पायथा अधिक आवडतो, कारण तिथून दोन्ही वारे एकदम दिसतात.

८. फोटो

दहा काढा आणि कॅमेरा खिशात ठेवा. ड्रोन आणू नका, ते तिथे धोक्याचं आहे.

९. लाल झेंडा लागला तर

मैदानावर झेंडा असतो. हिरवा म्हणजे उड्डाण, पिवळा म्हणजे थांबा, लाल म्हणजे आज नाही. दुरून, रजा काढून आलेल्या माणसाला लाल झेंडा फार लागतो, ते मी समजू शकतो. पण शेकडो पायलट, हजारो प्रेक्षक, एवढा खर्च, आणि तरी जमिनीवर ताशी दहा-बारा मैलांच्या पुढे वारा जातो म्हणून सगळं थांबवलं जातं, याचा मला मनापासून आदर वाटतो. पिवळ्या झेंड्याखाली शांतपणे बसून राहिलेले पायलट पाहणं हेसुद्धा पाहणंच आहे. काही जण वारा परवडला तर नुसता फुगा उभा करून दाखवतात. मुलांना आत डोकावू देतात, बर्नरची ऊब चेहऱ्यावर घेऊ देतात. तशा सकाळी मुलांचे प्रश्न ऐकण्यासारखे असतात, आणि पायलटला उत्तर द्यायला वेळ असतो.

१०. उतरताना तो आपला पाहुणा असतो

फुगा कुठे उतरेल ते नक्की कुणालाच माहीत नसतं. शाळेचं मैदान, रिकामा प्लॉट, कुणाचं कुरण. विजेच्या तारा ही पायलटची सर्वांत मोठी भीती, त्या टाळून मोकळी जागा शोधायची. मग क्रू जागेच्या मालकाकडे परवानगी मागतो, आणि शक्य असेल तर आभार म्हणून शॅम्पेनची बाटली देतो. गुरंढोरं असलेल्या भागावरून जाताना कमी आवाजाचा वेगळा बर्नर वापरतात, म्हणजे जनावरं बिथरत नाहीत.

परवानगीच्या आणि शॅम्पेनच्या या रीतीमागे एक जुनी गोष्ट सांगतात. ऑगस्ट १७८३ मध्ये पॅरिसहून सोडलेला, आत माणूस नसलेला हायड्रोजनचा एक फुगा गोनेस गावात उतरला, तेव्हा घाबरलेल्या गावकऱ्यांनी दाताळी-सुऱ्यांनी त्याच्या चिंधड्या केल्या होत्या. त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला पिलात्र द रोझिये आणि मार्की दार्लांद ही दोन माणसं माँगोल्फिये बंधूंच्या गरम हवेच्या फुग्यातून पॅरिसवर उडाली. पुढे ऑगस्ट १९७८ मध्ये आमच्या अल्बुकर्कीचे मॅक्सी अँडरसन, बेन अब्रुझो आणि लॅरी न्यूमन हेलियमच्या फुग्यातून अटलांटिक ओलांडून फ्रान्समधल्या एका शेतात उतरले, तेव्हा लोक स्वागताला धावले. खालच्या माणसांनी एवढा प्रवास केला आहे. आपल्याकडे २६ नोव्हेंबर २००५ रोजी विजयपत सिंघानिया मुंबईहून गरम हवेच्या फुग्यातून २१,०२७ मीटर उंचीवर गेले, विश्वविक्रम झाला, आणि ते उतरले नाशिक जिल्ह्यातल्या पांचाळे गावी. फुग्याबद्दल बोलताना मी इथल्या अमेरिकन मित्रांना हे नेहमी सांगतो, आणि अभिमानानं सांगतो.

आमच्या वस्तीत फुगा उतरला की शेजारीपाजारी झोपेच्या कपड्यांत बाहेर येतात, दोर धरतात, कापड गुंडाळायला हात लावतात. एरवी वर्षभर ज्यांच्याशी नुसती मान हलवण्यापुरती ओळख, त्यांच्या घरी त्या सकाळी चहा होतो. तुमच्या अंगणासमोर कधी फुगा उतरला तर तुम्हीही जा. आधी पायलट बोलावेपर्यंत थांबा, सिगारेट विझवा, मुलांचा हात धरा, आणि मग मदतीला लागा.

अल्बुकर्कीला यायचं तर ऑक्टोबरचा पहिला आठवडा धरून या. तेवढ्या लांब यायला नको असेल तर कार्तिकात पुष्करच्या जत्रेत फुगे असतात, जानेवारीत तमिळनाडूत पोल्लाचीला महोत्सव भरतो. कुठेही जा, पहाटे साडेपाचला मैदानावर उभे राहा, एक फुगा निवडा, आणि तो उतरेपर्यंत टोपलीच्या तिकिटाची चौकशी करू नका.